मेनूत नसलेलं पान

आमच्या नाटक कंपनीत तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारलेली मी तरी ऐकली नाही. ती टाचणी. कपडेपट तिच्याकडे असायचा. विंगेतल्या अंधारात ओठांत चार-पाच टाचण्या धरून ती उभी राहायची. कुणाचा पट्टा सुटला, कुणाची कॉलर लोंबली, कुणाचा झगा उसवला, की पुढच्या एन्ट्रीच्या आत सगळं जागच्या जागी. एकदा राणीच्या प्रवेशात माझ्या पाठीवरची शिवण मानेपासून कमरेपर्यंत गेली. समोर गच्च भरलेलं थिएटर. मी स्वगत म्हणत म्हणत उलट्या पावलांनी विंगेकडे सरकले, पाठ आत आणि तोंड प्रेक्षकांकडे, आणि स्वगत संपेपर्यंत टाचणीनं मला मागून शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘राणीचं ते मागे सरकणं अंगावर काटा आणतं.’ काटा कुणाचा होता, ते मला ठाऊक.

तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी. ‘हं’ आणि ‘उहूं’ एवढ्यावर तिचं भागायचं. पुढे कंपनी बंद पडली, आम्ही पांगलो. मी मुलीकडे राहायला आले, आणि टाचणी माझ्या मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर, तिच्या मोठ्या भावाकडे आली. थोडे दिवस म्हणून आली होती. तिचे केस त्या घरात पांढरे झाले.

भावाचं पडद्यांचं दुकान आहे. घराच्या खिडक्यांचे पडदे हो, आमचे नव्हेत. पुढे दुकान, मागे शिवणाची खोली, वर घर. पुढच्या भिंतीवर कापडाचे रोल छतापर्यंत रचलेले. मागच्या खोलीत एक मशीन, कापायचं लांब टेबल आणि एकुलती एक खिडकी. त्या खिडकीवर दादा नेहमी एखादा नमुन्याचा पडदा लावून ठेवतात. “गिऱ्हाइकाला पडदा खिडकीवरच दाखवावा लागतो, बाई,” असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. त्यामुळे टाचणीच्या खोलीतला उजेड नमुन्याप्रमाणे बदलायचा. कधी विटकरी, कधी शेवाळी. मोतिया रंगाचा पडदा लागला की तिला बरं वाटायचं.

दादा वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगते. बहिणीला ताप आला तर हा माणूस दुकान बंद करून उशाशी बसतो. फक्त त्यांच्या तोंडी एक शब्द आहे, ‘आपलं’. आपलं दुकान, आपलं मशीन, आपली माणसं. टाचणीनं एकदा हौसेनं स्वतःसाठी चांगली कात्री आणली. संध्याकाळी वहिनी त्याच कात्रीनं स्वयंपाकघरात दुधाच्या पिशव्या कापत होत्या. टाचणी बघत राहिली, तर दादा म्हणाले, “आपलीच आहे ना!” आता यावर भांडायचं तरी कशावरून?

समोरच्या रांगेत पडद्यांचं नवं दुकान उघडलं. मग एका गिऱ्हाइकानं दादांना विचारलं, “तुमची वेबसाइट नाही?” त्या दिवशी दुकान आवरता आवरता दादा म्हणाले, “अगं, आपली वेबसाइट करायची.”

“मला नाही येत ते,” टाचणी म्हणाली.

“तुला शिकवलेलं काय येतं? सगळं आपलं आपण शिकलीस. आणि दुपारी तुला वेळ असतो.”

झालं. कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आला. दादांनी दुकानाच्या मेलवरून एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात म्हणे काही लिहावं लागत नाही, चौकटी ओढायच्या आणि हव्या तिथे सोडायच्या. टाचणीनं ओढल्या, सोडल्या. दुपारी तिचा मला फोन.

“ताई, दुकानाचं नाव पडद्याच्या चित्रामागे गेलंय.”

“मग पुढे बोलाव.”

“येत नाही. लाजतंय.”

त्या सॉफ्टवेअरच्या पानावर खाली एक ओळ होती, ‘अडलात? आमच्या समुदायात या.’ तेच सॉफ्टवेअर वापरणारी जगभरची माणसं तिथे एकमेकांना मदत करतात, आणि एक कट्टा आपल्या भाषेतला आहे. आत शिरायला मेल लागतो. तिनं दुकानाचा दिला, दुसरा होता कुठे? मग टोपणनाव. तिनं टाचणी लिहिलं. आणि मग पाटी आली, ‘स्वतःची ओळख करून द्या.’

पुन्हा फोन. “ताई, ओळख काय लिहू?”

“तुझी लिही.”

“माझी म्हणजे कोणती?”

चार अंकी नाटकाच्या नायिकेला हे वाक्य मिळालं असतं तर तिनं टाळ्या घेतल्या असत्या. टाचणी खरंच विचारत होती. शेवटी तिनं लिहिलं, ‘नमस्कार. आपलं पडद्यांचं दुकान आहे. आपली वेबसाइट करायची आहे. चित्रामागे गेलेलं नाव पुढे कसं आणायचं?’

पहिलं उत्तर आलं ‘खिळेमोळे’ नावाच्या एका हार्डवेअर दुकानदाराचं. ‘आपलं दुकान म्हणजे माझंही का? मग माझ्या बैठकीच्या खोलीला दोन पडदे पाठवून द्या.’

कट्ट्याची राखण करणारे गृहस्थ स्वतःला ‘दरवान’ म्हणवतात. ते म्हणाले, ‘नव्या माणसाला पहिल्याच दिवशी छळू नका. टाचणी, स्वागत. चित्रावर क्लिक करा आणि “मागे पाठवा” दाबा. दुकान कुणाचं आहे?’

तिनं लिहिलं, ‘दादांचं. मी त्यांची बहीण.’

तेवढ्यात तिसरं कुणी बोललं. ‘चष्मेवाली’, लांबच्या एका गावात चष्म्यांचं दुकान चालवणारी बाई. ‘बहीण हे नातं झालं. ओळख कुठाय?’

टाचणीनं हे मला वाचून दाखवलं. परत वाचलं. आधी चिडली, “हिला काय करायचंय?” म्हणाली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं त्याच्याखाली एक ओळ टाकली, ‘मी नाटकांचे कपडे शिवायचे.’

पुढचे दिवस मी तिला इतकं बोलताना पाहिलं की वाटलं, हिच्या ओठांतल्या टाचण्या कुणीतरी एकदम काढून घेतल्या. कट्ट्यावर लिहिताना ती थट्टाही करायची. खिळेमोळ्यांच्या साइटवर सगळी अक्षरं लाल होती. तिनं लिहिलं, ‘अहो, तुमचं दुकान पेटलंय की काय?’ त्यांनी अक्षरं काळी केली आणि आभार मानले. दरवानांना ती ‘दरवानकाका’ म्हणू लागली. ते वयानं तिच्याहून लहान निघाले, तरी काकाच राहिले. दादांची वेबसाइट बघता बघता उभी राहिली. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला फोनवर दाखवायचे, “आपली आहे.”

मग एके दिवशी टाचणीनं कट्ट्यावर विचारलं, ‘एक पान विंगेत ठेवायचंय. कसं ठेवू?’

खिळेमोळे म्हणाले, ‘विंग म्हणजे विमानाची का?’

बराच गोंधळ झाल्यावर दरवानांना अर्थ लागला. ‘ते पान मेनूतून काढून टाका. पान असतं, फक्त वरच्या यादीत दिसत नाही.’

तिला हवं होतं तेच. तिनं कंपनी बंद पडताना सोबत आणलेल्या ट्रंकेतून जुने पोशाख काढले, नमुन्याच्या पडद्याच्या दांडीवर एकेक टांगले आणि फोननं फोटो काढले. सेनापतीचा डगला, भुताचा झगा, विदूषकाचा दोन रंगी पायघोळ अंगरखा. पानाला नाव दिलं, ‘माझं काम’. मला पत्ता पाठवला. मी चष्मा लावून बघितलं, तर पहिलाच फोटो माझ्या राणीच्या झग्याचा, पाठीकडून काढलेला. मधोमध तिची ती घाईची शिवण, तशीच ठेवलेली. खाली तिनं लिहिलं होतं, ‘ही उभ्या उभ्या, प्रयोग चालू असताना घातली.’

आता रंगमंचावर वावरलेल्या कुणालाही विचारा, विंग लपायची जागा नसते. पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला विंगेतलं सगळं दिसतं. आम्ही नटमंडळी त्या खुर्चीला वचकून असायचो. पण टाचणी जन्मभर विंगेत उभी राहिली आणि तिच्याकडे कधी कुणी पाहिलं नाही. तिच्या लेखी विंगेत गेलं म्हणजे संपलं, आता ते कुणाला दिसायचं नाही. ही चूक कपडेपटातलं माणूसच करणार.

कडेच्या खुर्चीवर बसलेली निघाली चष्मेवाली. तिनं टाचणीला लिहिलं, ‘तुमचे झगे पाहिले हो.’

‘कसे? मी तर काढलेत मेनूतून.’

‘नाटकाचे कपडे असं शोधलं, तुम्ही समोर! मेनूतून काढलं म्हणजे दारावरची पाटी काढली. दार उघडंच आहे.’ आणि पुढे, ‘आमच्या गावात नाट्यशाळा आहे, तिची साइट मी बघते. त्यांना कपडेपटाला जाणतं माणूस हवंय. वर राहायला खोली आहे, मोठी खिडकी आहे. याल?’

टाचणीनं हे मला फोनवर सांगितलं नाही, चालत सांगायला आली. “ताई, मला खोली देताहेत. खिडकीवर काही लावलेलं नाही म्हणे.”

“मग?”

“दादांना कसं सांगू?”

सांगायची वेळच आली नाही. त्याच आठवड्यात मी दुकानात स्टुलावर बसले होते, आणि शाळेतले एक मास्तर आत आले.

“राजाचे अंगरखे इथेच शिवतात ना?”

दादा म्हणाले, “इथे खिडक्यांचे शिवतात.”

“नाही हो, हे बघा, वर तुमच्याच दुकानाचं नाव आहे. मला दोन राजे, एक सेनापती आणि एक झाड हवंय.”

“झाड?”

“झाडालाही अंगभर लागतं. मुलगा थंडीनं काकडतो.”

दादांनी मास्तरांचा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला, बोटानं एकेक फोटो सरकवला. वहिनी खांद्यावरून डोकावल्या. “वन्सं, हे तुमचंच का?”

टाचणी मागच्या खोलीच्या दारात, ओठांत टाचण्या. “हं.”

मी श्वास धरून बसले. पण दादा खो खो हसले. “अगं, मग सांगायचं नाही का! मास्तर, झाडासकट सगळं होईल. आपल्याकडेच होईल.”

मास्तर जाताच दादा कामाला लागले. “मेनूत टाक ते. पहिल्या नंबरला. आणि ‘माझं काम’ काय? गिऱ्हाईक म्हणेल कुणाचं? ‘आपली नवी सेवा’ कर.”

“ते माझं नुसतं…” टाचणी म्हणाली.

“तुझं-माझं काय त्यात? सगळं आपलंच आहे.”

तिनं माझ्यासमोर दोन शब्द पुसून तीन शब्द घातले. रंगमंचावर एकमेकांचे संवाद चोरणारे, प्रकाशझोतात घुसणारे, दुसऱ्याच्या मरणाच्या प्रसंगात खोकणारे खूप पाहिले मी. पण इतक्या मायेनं कुणी कुणाची एन्ट्री खाल्लेली पहिल्यांदाच पाहिली. रात्रीच्या जेवणात वहिनींनी तिला जास्तीचं गोड वाढलं, असं तिनंच मला सांगितलं.

आता सकाळी पडदे, दुपारी राजे. मास्तरांनी दुसऱ्या शाळेला सांगितलं, त्यांनी तिसऱ्या. दादा खुशीत, दारावर नवी पाटी. टाचणी म्हणाली, “ताई, आधी मी पडद्यांतच अडकले होते. निदान झगे तरी बाहेर होते.”

तिनं कट्ट्यावर विचारलं, ‘एका साइटवरचं पान काढून दुसऱ्या साइटवर नेता येतं का?’

दरवान म्हणाले, ‘नाही. साइट ज्याच्या मेलवर, तो मालक, आणि पान मालकाचं. पूर्ण साइट दुसऱ्याच्या नावावर करता येते, पण ते मालकानंच करायचं.’

खिळेमोळ्यांनी आयुष्यात प्रथमच थट्टा केली नाही. ‘स्वतःचा मेल काढा बाई. स्वतःची साइट उघडा. फोटो तर तुमच्याच फोनमध्ये आहेत.’

आणि चष्मेवालीनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘नाट्यशाळेला काय कळवू? खोली अजून रिकामी आहे.’

टाचणीनं त्या दुपारी स्वतःच्या नावाचा मेल काढला. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मला आनंदानं फोन केला आणि दुसऱ्या दिवशी ये म्हणाली, नवी साइट उघडायला सोबत हवी होती तिला.

मी गेले, तर दुकानाचं शटर अर्ध्यावर. दादा खुर्चीत, फोन हातात. टाचणी टेबलापाशी उभी.

“या बाई, बसा,” दादा म्हणाले. “तुमच्यासमोरच बोलतो.” मग बहिणीकडे वळून, “मालकी हवी होती, तर माझ्याकडे मागायची. परक्या लोकांना कशाला विचारत बसलीस?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मेल आपला आहे ना. सगळी उत्तरं इथे येतात.”

त्यांनी फोन आमच्याकडे फिरवला. ‘टाचणी, तुम्हाला उत्तर आलं आहे.’ त्याखाली परत तेच. त्याखाली परत. पहिल्या दिवसापासूनची सगळी उत्तरं. बैठकीच्या खोलीचे पडदे, ‘ओळख कुठाय’, वरची खोली, मोठी खिडकी. त्यांनी एकूण एक वाचलं होतं आणि अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणजे मास्तर आले त्याच्या आधीच त्यांना त्या पानाचा पत्ता होता. मी जन्मभर नटांत वावरले, पण काउंटरमागे चष्मा खाली ओढून केलेला तो अभिनय मला ओळखता आला नव्हता.

दादांचा आवाज मऊ झाला. “हे बघ, मालकी पाहिजे ना? देतो. तुझा नवा मेल सांग.”

तिनं सांगितला. काय करणार? दादांनी अंगठ्यानं बरंच काही दाबलं. कॉम्प्युटरवर तिच्या नव्या मेलमध्ये पहिलंवहिलं पत्र येऊन पडलं. सबंध दुकानाची वेबसाइट, पडदे, राजे, नवी सेवा, सगळं. ‘मालकी स्वीकारता का?’ खाली दोन बटणं, ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’.

“आता तूच मालकीण,” दादा म्हणाले. “आता कुठे जायचं कारण नाही.”

टाचणीनं ‘नाकारा’ दाबलं.

दादांचा फोन वाजला. त्यांनी बघितलं. “चुकून दाबलं गेलं बहुतेक. थांब, परत पाठवतो.”

परत पत्र आलं. तिनं परत ‘नाकारा’ दाबलं.

“अगं, डावीकडचं बटण. परत पाठवू का?”

“दादा, चुकलं नाही.”

“बरं बरं. तू आधी जेवून घे. उपाशी पोटी माणसाला काही सुचत नाही.”

“मला ते पान हवं होतं, दादा. दुकान नको होतं.”

दादा फोनकडे बघत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, “तू गेल्यावर पडदे कोण शिवणार?”

त्या घरात इतक्या वर्षांत मी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य. त्यात ‘आपलं’ नव्हतं. टाचणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिथेच ती सापडली. ती म्हणाली, “कुणाला तरी शिकवते. हात तयार झाला की मग जाते.”

“हो, मग जा की,” दादा म्हणाले. “मी कुठे अडवलंय?”

तिनं नव्या मेलवरून चष्मेवालीला कळवलं, ‘येते. इथे माझ्या जागी कुणी तयार झालं की लगेच येते.’ चष्मेवालीनं उत्तर दिलं, ‘घाई नाही.’ या वेळी दादांचा फोन वाजला नाही, पण त्यांनी दोनदा खिशातून काढून बघितला.

माणूस शोधायचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं. पहिल्यांदा आलेल्या बाईच्या चुण्या त्यांना विरळ वाटल्या. नंतरच्या बाईचा हात भरभर चालायचा, पण बोलते फार, म्हणाले. एक तर स्वतःच निघून गेली, दादा सारखे मागे येऊन उभे राहतात म्हणून. प्रत्येकीला टाचणीनं पहिल्यापासून शिकवलं. कापड उभं कसं धरायचं, दुमड कुठे घ्यायची. तिची स्वतःची साइट उघडली आहे, पण तिच्यावर अजून नुसतं नाव आहे. फोटो टाकायला दुपार रिकामी मिळत नाही. चष्मेवालीचं मागचं पत्र मी वाचलं. त्यात ‘घाई नाही’ लिहिलेलं नव्हतं. नाट्यशाळेचा नवा प्रयोग जवळ आलाय, एवढंच होतं.

सोमवारपासून आणखी एक बाई येऊ लागल्या आहेत. इस्पितळाच्या चादरी आणि गाद्यांच्या खोळी शिवून त्यांचा हात बसलेला. काल मी गेले होते. बाईंनी एक अख्खा पडदा टाचणीचा हात न लागता पुरा केला. दादांनी तो उचलला, पुढच्या दुकानात उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला, शिवणीवरून नखं फिरवली. आम्ही सगळ्या बघत होतो. टाचणी मशीनचं चाक धरून उभी.

शेवटी वहिनींनाच राहवेना. “अहो, सांगा की, कसा झालाय?”

“शिवण चांगली आहे,” दादा म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, “रंग मात्र…”

“रंग गिऱ्हाइकानं निवडलाय हो!”

“तेच म्हणतो मी.” त्यांनी पडद्याची घडी घातली, नीट, कडेला कड जुळवून. “आणखी दोन-चार शिवून बघू. काय?”

टाचणीनं ‘हं’ केलं नाही, ‘उहूं’ही केलं नाही. तिनं बाईंच्या पुढ्यात पुढचं कापड पसरलं आणि फूटपट्टी शोधायला लागली.